मथळ्यातला हक्क आणि खिडकीपुढची रांग

५ ऑगस्ट २०१९ रोजी संसदेत काय झालं, असं विचारलं तर जवळपास प्रत्येक जण कलम ३७० म्हणेल. राज्यसभेत काश्मीरचा विषय चालू होता त्याच दिवशी लोकसभेने ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचं विधेयक मंजूर केलं. दुसऱ्या दिवशी त्याला आतल्या पानावर चार ओळी मिळाल्या असतील तर ते नशीबच. पुढे २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, ते राज्यसभेत आलं. प्रवर समितीकडे पाठवण्याची मागणी फेटाळली गेली आणि तिथेही ते मंजूर झालं. महाराष्ट्राच्या वाचकाला ती तारीख आठवते ती निराळ्याच कारणाने. सकाळी सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणीचा आदेश दिला आणि दुपारी देवेंद्र फडणवीस यांनी तीन दिवसांपूर्वीच स्वीकारलेल्या मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या गदारोळात एखाद्या मराठी वाहिनीच्या तळपट्टीवर तरी हे विधेयक झळकलं असेल का, याची मला शंका आहे.

या देशातल्या तृतीयपंथी, ट्रान्स स्त्रिया आणि ट्रान्स पुरुष यांच्या आयुष्याला चौकट घालणारा कायदा असा, सगळ्यांची पाठ वळलेली असताना झाला. त्याआधी पाच वर्षं, १५ एप्रिल २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने याच लोकांना घटनात्मक ओळख दिली तेव्हा देशभरातल्या वर्तमानपत्रांचं पहिलं पान त्या बातमीचं होतं. या दोन दिवसांमधला फरक हा केवळ संपादकीय निवडीचा प्रश्न नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या समुदायाच्या कायदेशीर लढाईला माध्यमांनी बळ दिलं हे खरं. पण माध्यमांना जे दिसलं तेवढ्याच आकाराचा हक्क पुढे कागदावर उतरला, आणि जे दिसलं नाही ते कायद्यातूनही गळलं. २०२५ अखेरपर्यंतचा हा आढावा त्या दृष्टीने घ्यायचा आहे.

आधी थोडं मागे जायला हवं, कारण 'नव्याने हक्क मिळाले' ही समजूतच अपुरी आहे. लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाने १९८७ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात मराठी राजवटीतल्या नोंदींचा धांडोळा घेतला आहे. त्यातून दिसतं की आपल्या मुलखात हिजड्यांना ठरावीक गावांतून भिक्षा मागण्याचा वंशपरंपरागत, म्हणजे गुरूकडून चेल्याकडे जाणारा, हक्क होता. काहींना इनाम जमिनीही होत्या. देशमुख-पाटलांच्या हक्कांसारखाच तोही दप्तरात नोंदलेला हक्क. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबई सरकारने अशा हक्कांना राजमान्यता देणं थांबवलं. आज 'बधाई' किंवा 'मागती' म्हणून जे ओशाळवाणं वाटतं त्याच्या मागे एके काळी सनद होती.

उत्तरेत गोष्ट अधिक कठोर झाली. १८५२ मध्ये मैनपुरी भागात भूरा नावाच्या हिजड्याचा खून झाला. इतिहासकार जेसिका हिंची यांनी दाखवलं आहे की त्या खटल्याच्या निमित्ताने इंग्रज न्यायाधीश खुन्यापेक्षा मृताच्या जमातीबद्दलच अधिक लिहू लागले. ज्याचा जीव गेला त्याचीच माणसं संशयित ठरली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग या मनोवृत्तीतून आला: नोंदवही, स्त्रीवेशात सार्वजनिक ठिकाणी दिसल्यास किंवा नाचल्या-गायल्यास विनावॉरंट अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद, दत्तक घेण्याचा किंवा मृत्युपत्र करण्याचा अधिकार नाही. हैदराबाद संस्थानाने १९१९ मध्ये त्याच वळणाचा स्वतःचा कायदा केला. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. हा हैदराबादचा कायदा तेलंगण उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला तो २०२३ मध्ये. एकशे चार वर्षं तो पुस्तकात तसाच राहिला आणि त्याची बातमी कोणी केली नाही.

स्वातंत्र्यानंतर गुन्हेगार जमातींचा कायदा गेला, नजर गेली नाही. ती नजर चित्रपटाने पोसली. 'सडक' (१९९१) मधली महाराणी आठवते ना? सदाशिव अमरापूरकरांनी ती अशी काही वठवली की खलनायकी भूमिकेचं फिल्मफेअर पारितोषिक त्यांना मिळालं. अभिनय अव्वल होता यात वाद नाही. पण एका पिढीच्या मनात हिजडा म्हटलं की कुंटणखाना आणि क्रौर्य हे चित्र पक्कं बसलं, तेही अशा काळात जेव्हा दुसरं चित्र उपलब्धच नव्हतं.

पहिली मोठी राजकीय बातमी मध्य प्रदेशातून आली. शतक बदलण्याच्या सुमारास शबनम मौसी सोहागपूरमधून आमदार झाल्या आणि कमला जान कटनीच्या महापौर. या बातम्या देशभर गाजल्या, पण त्यांचा सूर विनोदी होता. राजकारणी नालायक निघाले म्हणून लोकांनी यांना निवडून दिलं, असा टोमणा त्यात होता, आणि टोमण्यासाठी वापरलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडायला जागा नव्हती. कटनीचं पद महिलांसाठी राखीव होतं. कमला जान पुरुष आहेत या कारणास्तव त्यांची निवड रद्द ठरली आणि २००३ मध्ये उच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. निवडून आल्याची बातमी झाली होती तेवढी पद गेल्याची झाली नाही. एका व्यक्तीचं लिंग कोण ठरवणार, हा खरा घटनात्मक प्रश्न त्या प्रकरणात होता आणि तो कोणी नीट मांडलाच नाही.

तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, म्हणजे 'नालसा' या सरकारी संस्थेने, २०१२ मध्ये. गरिबांना मोफत वकील पुरवणारी संस्था स्वतः याचिकाकर्ती झाली, ही गोष्ट आजही कमी लोकांना ठाऊक आहे. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी या प्रकरणात हस्तक्षेपकर्त्या म्हणून उतरल्या. तोवर त्या घराघरांत पोचलेल्या होत्या: २००९ मध्ये 'सच का सामना', २०११ मध्ये 'बिग बॉस', आणि २०१२ मध्ये वैशाली रोडे यांनी शब्दांकन केलेलं मराठी आत्मकथन 'मी हिजडा... मी लक्ष्मी!'. निकालाच्या सुरुवातीच्या पानांवर लक्ष्मी यांचं निवेदन सविस्तर उद्धृत आहे. न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि ए. के. सिक्री यांच्या खंडपीठाने लिंगओळख ठरवण्याचा अधिकार त्या त्या व्यक्तीचा आहे, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही, असं निःसंदिग्ध सांगितलं. शिवाय या समुदायाला सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास समजून शिक्षण आणि नोकरीत आरक्षण द्यावं, असंही.

या निकालावर माध्यमांचा ठसा किती होता याची एक गमतीदार खूण निकालातच सापडते. एका नियतकालिकातला हिजड्यांच्या जीवनावरचा जुना लेख न्यायालयाने आधाराला घेतला आणि त्या गडबडीत लेख लिहिणाऱ्यालाच त्या समुदायातली व्यक्ती ठरवून टाकलं. चूक किरकोळ, पण बोलकी. न्यायालयापर्यंत समुदायाचं आयुष्य पोचत होतं ते बहुधा छापील मजकुरातून. कोणाची गोष्ट छापून येते यावर कोणाचं दुःख न्यायालयाला दिसतं हे ठरत होतं. त्या वेळी छापून येत होती ती प्रामुख्याने महानगरातल्या, हिजडा परंपरेतल्या, बोलक्या ट्रान्स स्त्रियांची गोष्ट. ट्रान्स पुरुष कुठेच नव्हते. त्यांना ना टाळी, ना घराणं, ना बधाई. छायाचित्रकाराला टिपण्यासारखं काही नाही.

१६ एप्रिलच्या मथळ्यांनी पुढचं काम केलं. निकालात स्त्री, पुरुष किंवा तृतीयलिंगी यांपैकी काहीही निवडण्याचं स्वातंत्र्य होतं. मथळ्यात उरलं ते फक्त 'तिसरं लिंग'. आणि अर्ज छापणाऱ्या कारकुनाने निकाल वाचला नव्हता, मथळा वाचला होता. विद्यापीठांच्या, बँकांच्या, शिधापत्रिकांच्या अर्जांवर 'इतर' असा तिसरा चौकोन आला आणि हक्क पोचला असं सगळ्यांना वाटलं. जिला स्त्री म्हणूनच नोंद हवी होती, ज्याला पुरुष म्हणूनच जगायचं होतं, त्यांना कारकून त्या तिसऱ्या चौकोनाकडे बोट दाखवू लागला. शिवाय समलिंगी व्यक्तीही यातच मोडतात का, या गोंधळावर सर्वोच्च न्यायालयाला जून २०१६ मध्ये वेगळा खुलासा करावा लागला: नाही, त्या यात मोडत नाहीत.

निकालानंतर संसदेत सुरुवात तर छान झाली होती. द्रमुकचे खासदार तिरुची शिवा यांचं खासगी विधेयक राज्यसभेने २४ एप्रिल २०१५ रोजी मंजूर केलं. खासगी विधेयक असं मंजूर होणं कित्येक दशकांत घडलं नव्हतं. सरकारने मात्र स्वतःचं विधेयक २०१६ मध्ये आणलं आणि त्यात ट्रान्सजेंडर व्यक्तीची व्याख्या 'पूर्णपणे स्त्री नाही, पूर्णपणे पुरुषही नाही' अशा थाटाची होती. रमेश बैस, जे पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले, त्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थायी समितीने जुलै २०१७ च्या अहवालात या मसुद्यावर कडक टीका केली. डिसेंबर २०१८ मध्ये सत्तावीस दुरुस्त्यांसह लोकसभेने ते मंजूर केलं तरी त्यात दोन काटे राहिलेच होते. ओळखपत्रासाठी तपासणी समितीपुढे उभं राहायचं, आणि भीक मागायला लावणं हा गुन्हा, जो व्यवहारात गुरू-चेल्यांच्या घराण्यांवरच उगारला गेला असता. समुदाय रस्त्यावर आला. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता अशा अनेक शहरांतल्या निदर्शनांना त्या वेळी बरीच प्रसिद्धी मिळाली. २०१९ च्या मसुद्यातून हे दोन्ही काटे गेले. लढणाऱ्यांनी ते काढायला लावले, आणि लढणारे दिसत होते म्हणून ते शक्य झालं. मग ऑगस्ट उजाडला, कॅमेरे काश्मीरकडे वळले, आणि उरलेलं सगळं तसंच पुढे गेलं.

उरलेलं म्हणजे काय? एक तर ओळखीचा अधिकार. कलम ६ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करून 'ट्रान्सजेंडर' असं प्रमाणपत्र मिळतं. कलम ७ प्रमाणे स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी तर शस्त्रक्रियेचा वैद्यकीय दाखला लागतो. २०१४ च्या निकालाने जी अट घालू नका म्हटलं होतं, तीच मागच्या दाराने आली. दुसरं, शिक्षा. कलम १८ प्रमाणे ट्रान्स व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे. स्त्रीवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं. हा आकडा मी शाळेतल्या, महाविद्यालयातल्या, अगदी वकिली करणाऱ्या मित्रांनाही विचारून पाहिला आहे. बहुतेकांना तो खोटा वाटतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने जुन्या दंड संहितेतलं, संमतीविना 'अनैसर्गिक' संभोगाला शिक्षा देणारं कलम ३७७ पूर्णच वगळल्याने ही पोकळी आणखी रुंदावली. आरक्षणाचा तर कायद्यात उल्लेखच नाही. कर्नाटकाने जुलै २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण दिलं, मध्य प्रदेशाने २०२३ मध्ये इतर मागासवर्गाच्या यादीत घातलं. दलित ट्रान्स कार्यकर्त्या ग्रेस बानू यांचं म्हणणं असं की मागासवर्गाच्या यादीत टाकल्याने दलित-आदिवासी ट्रान्स व्यक्तींना जात किंवा लिंग यांतलं एकच निवडावं लागतं, म्हणून आरक्षण समांतरच हवं. मला तो युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण 'समांतर आरक्षण' या विषयावर प्राइम टाइमला चर्चा झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

तिसरी गोष्ट कुटुंबाची, आणि इथे माध्यमांचं यश आणि अपयश एकाच जागी दिसतं. २०१७ मध्ये नीरज घायवान यांनी दिग्दर्शित केलेली व्हिक्सची जाहिरात आली. मालाडच्या 'सखी चार चौघी' संस्थेच्या गौरी सावंत आणि त्यांनी सांभाळलेली मुलगी यांची ती गोष्ट. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सगळ्यांना हक्क आहेत असं लिहिलंय, मग माझ्या आईला का नाहीत, असं ती मुलगी विचारते. लक्षावधी लोकांनी डोळे पुसले. आणि दोन वर्षांनी संसदेने जो कायदा केला त्यात कुटुंबाची व्याख्या आहे: रक्ताने, विवाहाने किंवा कायदेशीर दत्तकविधानाने जोडलेली माणसं. जन्मदात्या घराला सांभाळता येत नसेल तर न्यायालयाच्या आदेशाने पुनर्वसन केंद्र. घरातून हाकललेल्या पोरीला ज्या गुरूने दार उघडलं, ती गुरू या कायद्यापुढे कोणीच नाही. जाहिरातीने ज्या नात्यावर देशाला रडवलं तेच नातं कायद्याने मोजलं नाही, आणि तेव्हा ती जाहिरात पुन्हा दाखवून प्रश्न विचारावा असं एकाही वाहिनीला सुचलं नाही.

गौरी सावंत यांच्यावरची 'ताली' ही मालिका ऑगस्ट २०२३ मध्ये आली. दिग्दर्शक रवी जाधव. 'नटरंग', 'बालगंधर्व' आणि 'ताली' हे तिन्ही एकाच मराठी माणसाच्या हातून व्हावेत हा योगायोग विचार करण्यासारखा आहे. बालगंधर्वांच्या शालूचं आपण शंभर वर्षं कौतुक करतो. तमाशातल्या नाच्याला टाळ्या देतो आणि घरी बोलवत नाही. सिग्नलवरच्या टाळीला काच वर करतो. 'ताली'मध्ये सुश्मिता सेन यांनी भूमिका केली आणि ती ट्रान्स अभिनेत्रीला का दिली नाही यावर वाद झाला, तो रास्तच होता. मला खटकली ती दुसरी गोष्ट. नालसाची सामुदायिक, अनेक संस्थांनी आणि वकिलांनी पेललेली लढाई पडद्यावर एका नायिकेची झाली. मालिकेला नायिका लागते हे मान्य. पण हक्क हा एका असामान्य बाईने खेचून आणलेला विजय असं ठसलं, की सामान्य ट्रान्स माणसाने तो सहज मागायचा असतो हे विसरायला होतं.

महाराष्ट्रातली दोन पोलीस प्रकरणं याच खाचेत बसतात. २०१७ मध्ये माजलगावच्या एका महिला पोलीस शिपायाने लिंगपुनर्निर्धारण शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. ती नाकारली गेली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तिथून महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे वळवलं गेलं. दरम्यान देशभर बातम्या झाल्या, सरकारने लक्ष घातलं आणि २०१८ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया होऊन तो माणूस पुरुष म्हणून पोलीस दलात परतला. माध्यमांनी हे घडवून आणायला मदत केली, हे मोकळेपणाने म्हणायला हवं. त्याची किंमतही त्या माणसाने मोजली. त्याच्या शरीराचे तपशील, मग लग्न, मग मूल, सगळं बातम्यांत आलं. आणि सवलत मिळाली ती अपवाद म्हणून, नियम म्हणून नव्हे. तसं नसतं तर चार वर्षांनी दुसरं प्रकरण उभं राहिलंच नसतं.

२०२२ च्या अखेरीस राज्यात अठरा हजारांहून अधिक पदांची पोलीस भरती निघाली. ऑनलाइन अर्जात पर्याय दोनच होते. सातारा जिल्ह्यातली एक उमेदवार न्यायाधिकरणात गेली. अध्यक्ष मृदुला भाटकर यांनी तिसरा पर्याय द्या असा आदेश दिला. सरकारने अंमलबजावणी करायचं सोडून त्याविरुद्ध उच्च न्यायालय गाठलं: शारीरिक चाचणीचे निकष नाहीत, आयत्या वेळी ते अवघड आहे. नालसाच्या निकालाला तेव्हा आठ वर्षं उलटून गेली होती. मुख्य न्यायमूर्ती दीपंकर दत्ता आणि न्यायमूर्ती अभय आहुजा यांनी डिसेंबरात सरकारला खडे बोल सुनावल्यावर अर्जात पर्याय आला आणि फेब्रुवारी २०२३ अखेरपर्यंत नियम करण्याची हमी मिळाली. या वेळी मराठी वृत्तपत्रांनी सुनावणी दर सुनावणी बातमी दिली. सरकार काय म्हणालं, न्यायालयाने काय विचारलं, पुढची तारीख कोणती. उमेदवाराच्या शरीराबद्दल फारसं काही नव्हतं, कायद्याबद्दल होतं. मला वाटतं, या विषयावरची आपल्याकडची सर्वांत उपयोगी पत्रकारिता ती होती, आणि ती कोर्टाच्या बातमीदारांनी केली, पुरवण्यांनी नव्हे.

तसंच जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकचं. महिला राखीव प्रभागातून अंजली गुरू संजना जान यांचा ग्रामपंचायतीचा अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळला. औरंगाबाद खंडपीठाचे न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी जानेवारी २०२१ मध्ये, त्यांनी स्वतःची ओळख स्त्री म्हणून निवडली आहे, सबब अर्ज वैध, असा निकाल दिला. त्या उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. कटनीत जे अठरा वर्षांपूर्वी नाकारलं गेलं ते भादलीत मिळालं. दोन्ही ठिकाणी मुद्दा एकच, जागा महिला राखीव. मधे फक्त नालसा. कायद्याने काय बदललं हे कोणाला एका उदाहरणात समजावायचं तर याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

माध्यमांनी प्रत्यक्ष इजा केल्याचीही उदाहरणं आहेत, आणि शेजारच्या विषयातलं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तो माणूस आपला होता. नागपूरकडचे रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत. कवीही होते. फेब्रुवारी २०१० मध्ये कॅमेरा घेतलेली माणसं त्यांच्या घरात घुसली, एका पुरुषासोबतचं त्यांचं खासगी चित्रण केलं, विद्यापीठाने चित्रण करणाऱ्यांऐवजी त्यांनाच निलंबित केलं. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. त्या आठवड्याभरात सिरस त्यांच्या खोलीत मृतावस्थेत सापडले. पुढच्या वर्षी हैदराबादच्या एका वाहिनीने समलिंगी पुरुषांवर छुपा कॅमेरा चालवला, तेव्हा वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन प्राधिकरणाने एक लाख रुपये दंड आणि जाहीर माफीचा आदेश दिला. हा दंड वाहिन्यांनी किती मनावर घेतला हा प्रश्नच. त्यानंतर माध्यम बदललं. मे २०१८ मध्ये हैदराबादेत मुलं पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सअॅप अफवेवरून जमावाने एका ट्रान्स स्त्रीला ठार मारलं. महिनाभराने धुळ्याच्या राईनपाड्यात त्याच अफवेने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा जीव घेतला. भिक्षेकरी म्हणजे पोरं पळवणारे, हे १८७१ च्या कायद्यातलंच वाक्य मोबाइलवर पुन्हा फिरत होतं.

प्रचाराने मिळालेला कायदा उलटवताही येतो, हे पाकिस्तानात घडलं. तिथल्या संसदेने २०१८ मध्ये आपल्यापेक्षा उदार कायदा केला होता, स्वघोषित ओळख मान्य करणारा. २०२२ मध्ये समाजमाध्यमांवर आणि वाहिन्यांवर 'हा समलिंगी विवाहाचा कायदा आहे' अशी मोहीम चालली आणि मे २०२३ मध्ये फेडरल शरियत न्यायालयाने त्यातल्या मुख्य तरतुदी रद्द केल्या.

आपल्याकडे त्याहून सौम्य पण जुनाट दुखणं आहे: 'पहिली' शोधण्याचं. पहिली ट्रान्स न्यायाधीश, पहिली फौजदार, पहिली वृत्तनिवेदिका, पहिली सरपंच. २०१७ मध्ये कोची मेट्रोने तेवीस ट्रान्स व्यक्तींना नोकरी दिली तेव्हा परदेशी वृत्तपत्रांनीही दखल घेतली. काही आठवड्यांतच त्यातल्या अनेकांनी नोकरी सोडली, कारण कोचीत कोणी खोली भाड्याने देईना. ही दुसरी बातमीही काहींनी दिली, त्यांचं श्रेय त्यांना. पण पहिलीला जो प्रतिसाद होता तो दुसरीला नव्हता, आणि घरमालकाने भेदभाव केला तर काय करायचं याचं उत्तर २०१९ च्या कायद्यातही धडपणे नाही. भेदभाव करू नये असं कलम ३ म्हणतं. केला तर काय, ते सांगत नाही.

या 'पहिली'च्या हौसेला एक उत्तर महाराष्ट्रात मिळालं. श्रीरामपूरच्या दिशा पिंकी शेख यांचा 'कुरूप' हा कवितासंग्रह आला आणि २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीने त्यांना प्रवक्तेपद दिलं. पक्षाचा प्रवक्ता शेतीवर बोलतो, आरक्षणावर बोलतो, युतीवर बोलतो. तृतीयपंथी व्यक्तीला वाहिनीवर बोलावून तिच्या बालपणाखेरीज दुसरं काही विचारायची वेळ वृत्तनिवेदकांवर आली, ही त्यातली खरी बातमी होती. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांच्यासारख्यांनी लैंगिकतेवर मराठीत वर्षानुवर्षं जे लिहिलं, तेही मुख्य प्रवाहाच्या बाहेर राहूनच.

न्यायालयांत लढाई थांबलेली नाही. एप्रिल २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हिंदू विवाह कायद्यातल्या वधूमध्ये ट्रान्स स्त्री येते असं म्हटलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क नाकारला, पण ट्रान्स व्यक्तीला विरुद्धलिंगी विवाह आजच्या कायद्यानेच करता येतो हे त्याच निकालात स्पष्ट केलं. मथळे अर्थातच नकाराचे होते, त्यामुळे हा हक्क मिळाल्याचं अनेक ट्रान्स जोडप्यांनाही कळलेलं नाही. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि आर. महादेवन यांनी दोन शाळांमधून नोकरी गमावलेल्या एका ट्रान्स शिक्षिकेच्या याचिकेवर निकाल दिला. तिला भरपाई देवविली, कायदा कागदावरच राहिल्याबद्दल केंद्र व राज्यांना दोषी धरलं आणि समान संधीचं धोरण आखण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१९ च्या कायद्यालाच आव्हान देणाऱ्या याचिका २०२० पासून सर्वोच्च न्यायालयात आहेत.

लोकसंख्येचा सरकारी आकडा अजून २०११ च्या जनगणनेचाच वापरला जातो: देशात ४ लाख ८७ हजार ८०३, महाराष्ट्रात सुमारे ४१ हजार. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या मतदार याद्यांत तृतीयलिंगी म्हणून नोंदलेले देशभरात साधारण ४८ हजार. म्हणजे जनगणनेने जेवढे मोजले त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढेच लोक स्वतःच्या ओळखीने मतदान करू शकतात. उरलेल्यांपैकी काहींनी स्त्री किंवा पुरुष म्हणून नोंद केली असेल, काही त्या वेळी लहान असतील. तरीही दरी मोठी आहे आणि ती कागदपत्रांची आहे.

म्हणून जिल्हा वार्ताहरांना आणि तशी हौस असलेल्या वाचकांनाही एक विनंती. २०२० च्या नियमांप्रमाणे ओळख प्रमाणपत्राचा अर्ज तीस दिवसांत निकाली काढायचा असतो. आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयात किती अर्ज आले, किती तीस दिवसांत सुटले, किती परत पाठवले आणि कोणत्या कारणाने, एवढे चार प्रश्न माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत विचारता येतात. उत्तर आलं की छापा, आणि सहा महिन्यांनी तेच चार प्रश्न पुन्हा विचारा.